पू नेमका कोणाचा?

"अजून पिकलं नाही, हात लावू नकोस." गळू झालेल्या माणसाला मराठी घरात हे वाक्य चुकत नाही. गळवाच्या बाबतीत आपली भाषा चांगलीच श्रीमंत आहे. पापणीच्या कडेला आली तर रांजणवाडी, केसाच्या मुळाशी झालं तर केसतूड, नखाच्या कडेला झालं तर नखुर्डं, आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या मानेवर-पाठीवर अनेक तोंडांची उठली तर काळपुळी. पायाला गळू झालं की जांघेत गाठ येते, ते अवधाण. गळू आधी ठणकतं, मग पिकतं, मग फुटतं, आणि खीळ निघाली की माणूस सुटतो. एवढे बारकावे टिपणारी आपली भाषा पुवाशी आली की मात्र एका शब्दात उरकते. घाण. "घाण निघून गेली, बरं झालं."

मी काही वर्षं लॅबमध्ये पुवाचे नमुने काचपट्टीवर पसरून रंगवण्याचं काम केलं. ग्रॅमचा रंग (जंतू ओळखण्यासाठी द्यायचा नेहमीचा रंग) दिला की सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे गुलाबी पेशी दिसतात. प्रत्येकीचं केंद्रक तीन-चार तुकड्यांचं, माळेतल्या मण्यांसारखं. त्यांच्यामधे, कधी त्यांच्या पोटातही, गर्द जांभळे गोल ठिपके घोसाघोसाने बसलेले. रिपोर्टवर आम्ही लिहायचो, "पस सेल्स: प्लेंटी". या पस सेल्स म्हणजे आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, बहुतांश न्यूट्रोफिल जातीच्या. मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या. जिला आपण घाण म्हणतो ती मुख्यतः आपलीच माणसं, असं म्हणायला हरकत नाही.

मग पुढचा प्रश्न येतो. इतक्या पेशी एकाच जागी मेल्या कशाने? जंतूंशी लढताना मेल्या, हे नेहमीचं उत्तर. ते अर्धं खरं आहे. न्यूट्रोफिल मुळात अल्पायुषी, रक्तात आल्यावर काही तास ते फार तर काही दिवस जगणारी पेशी. जंतू गिळून झाला की ती स्वतःहूनही मरते. पण उरलेलं अर्धं असं की गळू करणारा जंतू त्यांना हेरून, गाठून मारतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे खास पांढऱ्या पेशींवर नेम धरणारी विषं आहेत.

हा जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस, डॉक्टरांच्या बोलण्यातला 'स्टॅफ'. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० मध्ये गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्यात हे गोल जंतू दाखवून दिले. त्या काळी जखमेत दाट पू होणं हे जखम भरण्याचं सुलक्षण आहे असं मानणारे सर्जन होते, त्यामुळे ऑग्स्टनचं म्हणणं सगळ्यांना लगेच पचलं नाही. जंतूंची ठेवण द्राक्षांच्या घोसासारखी, म्हणून द्राक्षघोसासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी १८८२ मध्ये नाव ठेवलं. दोन वर्षांनी जर्मनीत रोझेनबाख यांनी त्यातला सोनेरी वाढणारा वेगळा काढला. ऑरियस म्हणजे सोनेरी.

हा काही कुठून परका आलेला जंतू नाही. साधारण दर तीन-चार माणसांमागे एकाच्या नाकपुडीत तो मुक्कामाला असतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. कातडीला चीर पडली, केस उपटला गेला, दाढी करताना कापलं, की तो आत जातो. आत गेल्यावर त्याची गाठ न्यूट्रोफिलशी पडते.

न्यूट्रोफिलला कसं कळतं?

रक्ताच्या सीबीसी रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिलचा आकडा तुम्ही पाहिला असेल. पांढऱ्या पेशींत साधारण ५० ते ७० टक्के त्याच असतात. आपली अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते, आणि जवळजवळ तेवढ्याच रोज मरतात. पेशी जंतू गिळते ही गोष्ट एली मेचनिकॉफ यांना १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी सुचली. त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचला, आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती पेशी गोळा झाल्या होत्या. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं.

पण काटा कुठे टोचला हे पेशीला कसं समजलं? तिला डोळे नाहीत. तिच्या अंगावर असंख्य रिसेप्टर असतात. आपण त्यांना कान म्हणू, कारण पुढची सगळी गोष्ट या कानांची आहे.

एक कान जंतूंच्या प्रथिनांकडे लागलेला असतो. जीवाणू आपलं प्रत्येक प्रथिन एका विशिष्ट, किंचित बदललेल्या अमिनो आम्लापासून सुरू करतात. त्याला फॉर्मिल मेथिओनिन म्हणतात. आपल्या पेशी तसं करत नाहीत. त्यामुळे असे तुकडे अंगात कुठे तरंगताना सापडले की न्यूट्रोफिलला कळतं, इथे जीवाणू आहे. (आपल्या पेशींतले मायटोकाँड्रिया मात्र प्रथिनं अशीच सुरू करतात, कारण त्यांचा पूर्वज जीवाणूच होता. मोठ्या मुक्या मारात पेशी फुटून मायटोकाँड्रिया बाहेर सांडले तर जंतू नसतानाही न्यूट्रोफिल धावत येतात. बिचाऱ्यांचा दोष नाही.)

दुसरा कान रक्तातून येणाऱ्या हाळीसाठी. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी असते. जंतू दिसला की ती त्याच्यावर चिकटते, आणि चिकटताना तिचा एक छोटा तुकडा सुटून दूर वाहत जातो. त्याचं नाव सी५ए. ही खरी हाळी. ती ऐकणाऱ्या कानाचं नाव सी५ए रिसेप्टर. हाळी जिकडून मोठी येते तिकडे न्यूट्रोफिल सरकते, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, फटीतून बाहेर पडते, जंतू गाठते, गिळते, आणि पोटातल्या पिशवीत त्याच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल रसायनं ओतते.

स्टॅफने यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर काहीतरी करून ठेवलं आहे. सगळं सांगत बसलो तर लेख संपणार नाही, म्हणून भराभर सांगतो. तो चिप्स नावाचं एक प्रथिन सोडतो (बटाट्याशी संबंध नाही, ते इंग्रजी नावाचं आद्याक्षरी रूप आहे), ते वर सांगितलेले दोन्ही कान बुजवतं. दुसरं एक प्रथिन कॉम्प्लिमेंटची साखळीच अडवतं. त्याच्या अंगावरचं प्रोटीन ए आपल्या अँटिबॉडीला शेपटीकडून पकडतं, म्हणजे तिचे हात भलत्याच दिशेला. कोअ‍ॅग्युलेज नावाचं त्याचं आणखी एक प्रथिन रक्तद्रवाची गुठळी करून भोवती तट बांधतं. लॅबमध्ये आम्ही सशाच्या प्लाझ्मात जंतू कालवून नळी ३७ अंशांवर ठेवायचो, आणि काही तासांनी नळी तिरकी केली की विरजण लागल्यासारखी घट्ट. तीच ही करामत. जंतूवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला की फसफसून फेस येतो, तो त्याच्याकडच्या कॅटालेज नावाच्या विकरामुळे. म्हणजे न्यूट्रोफिलच्या हत्याराचं स्टॅफ पाणी करतो, शब्दशः, पाणी आणि ऑक्सिजन. आणि तो सोनेरी रंगसुद्धा नुसता शोभेचा नाही. गाजराच्या रंगाच्या नात्यातलं ते रंगद्रव्य त्या जहाल रसायनांचा मारा झेलतं. रंग बनवता न येणारा स्टॅफ न्यूट्रोफिलच्या हातून सहज मरतो, हे २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं. मला ही गोष्ट फार आवडते. ज्या रंगावरून आम्ही वर्षानुवर्षं बशीतला जंतू ओळखला, तो रंग त्याचं चिलखत निघाला.

हे सगळं मात्र बचावाचं झालं.

बंडाबर्गची बाटली

स्टॅफच्या विषांचा अभ्यास नीट सुरू झाला तो एका भयंकर घटनेमुळे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये बंडाबर्ग नावाचं गाव आहे. २७ जानेवारी १९२८ रोजी तिथे २१ मुलांना घटसर्पाची लस टोचली. १८ मुलं गंभीर आजारी पडली आणि दोन दिवसांच्या आत १२ दगावली. त्याच बाटलीतून आधीच्या दिवसांत टोचलेल्या मुलांना काहीही झालं नव्हतं, त्यामुळे लसच विषारी होती असंही म्हणता येईना. सरकारने चौकशी आयोग नेमला. प्रयोगशाळेतलं काम मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमधल्या मॅकफार्लेन बर्नेट या तरुण डॉक्टरकडे आलं. पुढे १९६० मध्ये नोबेल मिळालेले ते हेच बर्नेट.

कारण सापडलं ते असं. बाटली रबरी बुचाची होती, पुन्हापुन्हा सुई घालून वापरायची. आतल्या द्रवात जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलेलंच नव्हतं. सुईबरोबर कधीतरी स्टॅफ आत गेला, आणि क्वीन्सलँडच्या ऐन उन्हाळ्यात बाटलीत मजेत वाढला. (जानेवारी हा तिकडे उन्हाळा.) अनेक जणांसाठीच्या लसीच्या बाटलीत जंतुरोधक रसायन हवंच, हा आग्रह जगभर पक्का व्हायला या बारा मुलांचे जीव जावे लागले. आणि जंतूच्या बरोबर त्याने बाहेर टाकलेलं विषही मारक असतं, हे बर्नेट यांच्या पुढच्या कामातून पुढे आलं. ते विष म्हणजे अल्फा टॉक्सिन.

अल्फा टॉक्सिन पेशीला भोक पाडतं. जंतू त्याचे सुटे रेणू बाहेर सोडतो. ते पेशीवर बसतात, सात जण एकत्र येतात, वर्तुळ करतात, आणि त्या वर्तुळातून एक पोकळ नळी पेशीच्या पडद्यात आरपार घुसते. १९९६ मध्ये त्याची रेणूंच्या पातळीवरची रचना समजली, तेव्हा ती अगदी अळंबीसारखी दिसली, वर छत्री आणि खाली दांडा. तांबड्या पेशी, प्लेटलेट, फुप्फुसाचं अस्तर, सगळ्यांवर हे चालतं. गंमत म्हणजे माणसाची न्यूट्रोफिल याला बरीच दाद देत नाही. तिच्यासाठी स्टॅफकडे वेगळं कुटुंब आहे.

दोघींचा फेर

या कुटुंबाला ल्युकोसिडिन म्हणतात, म्हणजे पांढऱ्या पेशी मारणारे. पुवातल्या पांढऱ्या पेशींना स्टॅफ मारतो हे बेल्जियमच्या व्हान दे व्हेल्डे यांनी १८९४ मध्येच पाहिलं होतं. लंडनचे फिलिप पॅन्टन आणि फ्रान्सिस व्हॅलेंटाइन यांनी १९३२ मध्ये त्यातलं एक विष वेगळं ओळखलं आणि त्याचा गळवांशी संबंध जोडला. आजही त्याला पॅन्टन-व्हॅलेंटाइन ल्युकोसिडिन म्हणतात, थोडक्यात पीव्हीएल. त्याची भावंडं बरीच: गॅमा हिमोलायसिनच्या दोन जोड्या, लुकईडी, लुकएबी. पीव्हीएल सगळ्या स्टॅफकडे नसतं. ज्याच्या अंगात एका विशिष्ट विषाणूने, म्हणजे जीवाणूंना लागण करणाऱ्या फाजने, त्याचं जनुक आणून ठेवलं त्याच्याकडेच ते असतं. भावंडांपैकी काही मात्र जवळपास प्रत्येक स्टॅफकडे असतात.

ल्युकोसिडिन दोन भागांत येतं. एकाला एस म्हणतात, दुसऱ्याला एफ. एकटा एस पेशी फोडू शकत नाही, एकटा एफही नाही. भोंडल्याचा फेर डोळ्यांसमोर आणा. एस पेशीवर येऊन बसते आणि एफला हात देते. मग पुन्हा एस, पुन्हा एफ, अशा चार-चार मिळून आठ जणींचा फेर पुरा होतो. फेर पुरा झाला की आठही जणी आपापला पाय खाली पेशीच्या पडद्यात सोडतात, आणि त्या पायांची मिळून एक पोकळ नळी होते. भोक केवढं? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम दोन-तीन. पण पेशीला तेवढं पुरतं. आतलं पोटॅशियम बाहेर धावतं, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, पाणी शिरतं, पेशी फुगते आणि फुटते. काचपट्टीवर मणी विखुरलेली, कडा पुसट झालेली जी गुलाबी डबकी दिसायची, ती अशा फुटक्या पेशींची.

आता मुख्य मुद्दा. एस पेशीवर बसते कुठे? नेमक्या कानावर.

अनेक दशकं हे कोडंच होतं. विष न्यूट्रोफिलवर चालतं, शेजारच्या कितीतरी पेशींवर चालत नाही, हे माहीत होतं, पण का ते नाही. मग २०१३ या एका वर्षात धडाधड उत्तरं आली. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या गटाने दाखवलं की पीव्हीएलची एस सी५ए रिसेप्टरला धरते. म्हणजे जो कान कॉम्प्लिमेंटची हाळी ऐकतो तोच. न्यूयॉर्कमधल्या व्हिक्टर टोरेस यांच्या प्रयोगशाळेने लुकएबीचं ठिकाण शोधलं, सीडी११बी. जंतूवर कॉम्प्लिमेंटचा लेप बसला की त्याला पकडायला न्यूट्रोफिल जो हात वापरते तो हा. लुकईडी दोन वेगळ्या कानांवर बसतं असं निघालं, जे इतर पेशींनी सोडलेली मदतीची हाक ऐकतात. शिवाय ते सीसीआर५ नावाच्या रिसेप्टरवरही बसतं, आणि त्यातून टी पेशी (याही पांढऱ्या पेशीच, पण वेगळ्या जातीच्या) व मोठ्या भक्षक पेशींना मारतं. सीसीआर५ हे नाव एचआयव्हीच्या संदर्भात कानावर आलं असेल. एचआयव्ही पेशीत शिरताना याच कडीला हात घालतो. एक गोल जीवाणू आणि एक विषाणू, एकमेकांशी काडीचं नातं नसलेले, एकाच कडीपाशी येऊन थांबले.

या निवडीतली चलाखी बघा. एखाद्या पेशीने विष चुकवायचं ठरवलं तर सगळ्यात सोपा उपाय कोणता? विष ज्याला धरतं ते अंगावरून काढून टाकणं. पण न्यूट्रोफिलने सी५ए रिसेप्टर काढला तर ती बहिरी होईल, जंतू कुठे आहे ते तिला समजणार नाही. सीडी११बी काढला तर जंतू हातात येऊन निसटेल. विष चुकवलं तर काम बंद, काम चालू ठेवलं तर विषाला वाट मोकळी. शिवाय एकटी एस कानावर नुसती बसून राहिली तरी स्टॅफचा फायदाच, कारण मग सी५एची हाळी पेशीला ऐकू येत नाही. एफ आली तर मरण, नाही आली तर बहिरेपण.

गिळल्यानंतरही गोष्ट संपत नाही. स्टॅफला गिळलेली न्यूट्रोफिल आतून फुटते असं वारंवार दिसतं. लुकएबीचा यात हात आहे. पीएसएम नावाची, वीस-चाळीस अमिनो आम्लांची, पिटुकली प्रथिनंही यात आहेत. त्यांना कानबिन लागत नाही, साबणासारखी ती पेशीचा पडदाच विस्कटतात. सूक्ष्मदर्शकात गुलाबी पेशीच्या पोटात जांभळे ठिपके दिसले की विद्यार्थी म्हणायचे, "बघा, गिळला!" मी म्हणायचो, थांब, कोणी कोणाला गाठलंय ते अजून ठरायचंय.

उंदरांनी केलेली दिशाभूल

इथे एक बाजूची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यात वैज्ञानिकांची बरीच वर्षं गेली. पीव्हीएल खरंच घातक आहे का, यावर २००६ च्या सुमारास जोरदार वाद सुरू झाला. काही जण म्हणत, पीव्हीएल असलेला स्टॅफ जबर आजार करतो हे दवाखान्यात दिसतंय. दुसरे म्हणत, आम्ही उंदरांवर प्रयोग केला, पीव्हीएलचं जनुक काढलं तरी फरक पडत नाही. दोघंही प्रामाणिक होते. घोळ उंदराच्या कानात होता. माणसाचा आणि उंदराचा सी५ए रिसेप्टर थोडा वेगळा असतो, आणि तेवढ्या फरकाने पीव्हीएल उंदराच्या न्यूट्रोफिलला ओळखतच नाही. सशाच्या न्यूट्रोफिलला ओळखतं. सशांवर प्रयोग झाले तेव्हा फुप्फुसातला तो विध्वंस दिसला. स्टॅफ आपल्याबरोबर इतकी पिढ्यान्‌पिढ्या राहिला आहे की त्याची किल्ली आपल्याच कुलपाच्या मापाची झाली आहे. आता माणसाचे रिसेप्टर बसवलेले उंदीर यासाठी तयार केले जातात.

जाळ्याचं विष

न्यूट्रोफिलकडे एक शेवटचा डाव असतो, जो २००४ मध्ये जर्मनीत उलगडला. मरताना ती आपला डीएनए बाहेर फेकते. त्याचे चिकट धागे पसरून जाळं होतं आणि त्यात जंतू अडकतात. कोळ्याने स्वतःच्याच आतड्यांचं जाळं विणावं तसं.

स्टॅफ काय करतो? न्यूक्लिएज नावाच्या कात्रीने जाळं कापून बाहेर पडतो. एवढ्यावर भागलं असतं. पण २०१३ मध्येच शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं की कापलेल्या धाग्यांच्या तुकड्यांवर त्याचं दुसरं एक विकर काम करतं आणि त्यातून डीऑक्सिअ‍ॅडेनोसिन बनवतं. हा पदार्थ मॅक्रोफेजना, म्हणजे साफसफाई करणाऱ्या मोठ्या भक्षक पेशींना, मारतो. गळवाचा उभा छेद घेतला तर मधे जंतूंची वस्ती, भोवती न्यूट्रोफिलचा थर, आणि मॅक्रोफेज मात्र बाहेरच ताटकळलेले दिसतात. ते आत का येत नाहीत त्याचं एक कारण हे. न्यूट्रोफिलने जीव देऊन टाकलेलं जाळं तिच्याच सोबत्यांना मारायच्या कामी आलं.

विष सोडायचं कधी?

इतकी हत्यारं असतील तर नाकात राहणारा स्टॅफ आपल्याला रोज का छळत नाही? कारण ही विषं बनवणं महागाचं काम आहे, आणि एकट्या-दुकट्या जंतूने विष सोडून काही होत नाही, उलट पहारा मात्र जागा होतो. म्हणून तो मोजणी करतो. प्रत्येक जंतू एक छोटा रेणू बाहेर टाकत राहतो. जंतू विरळ असतील तर तो रेणू वाहून जातो. एका बंद जागेत गर्दी झाली की रेणू साठतो, त्याचं प्रमाण एका मर्यादेपुढे गेलं की सगळ्यांच्या आतला एजीआर नावाचा खटका एकदम पडतो, आणि विषांचं उत्पादन सुरू होतं. न्यूट्रोफिलच्या पोटातली पिशवी ही फारच लहान बंद जागा. तिथे थोड्या जंतूंनाही गर्दी झाल्यासारखं वाटतं. गिळलेला स्टॅफ आतून पेशी फोडतो त्यामागे हेही आहे.

दवाखान्यात हे कसं दिसतं? पीव्हीएल असलेल्या स्टॅफची खूण म्हणजे पुन्हापुन्हा होणारी गळवं, कधी घरातल्या एकामागून एक सगळ्यांना. टॉवेल, दाढीचं पातं, एकाच गादीवर झोपणं, एवढं निमित्त पुरतं. फार क्वचित, बहुधा फ्लूच्या पाठोपाठ, तो धडधाकट लहान-तरुण माणसाच्या फुप्फुसात उतरतो. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये अशा १६ रुग्णांची नोंद केली. त्यांचं मध्यम वय १५ वर्षांच्याही आत होतं आणि बहुतेक दगावले. पीव्हीएल नसलेल्या स्टॅफच्या न्यूमोनियाचे रुग्ण सत्तरीच्या आसपासचे होते. अशा आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी घसरल्या तर ते वाईट लक्षण मानतात. वरचं सगळं वाचल्यावर का ते सांगायला नको.

पीव्हीएल वेगळं आणि औषधांना दाद न देणं वेगळं, याची गल्लत फार होते. एमआरएसए म्हणजे मेथिसिलिनच्या जातकुळीतल्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ. तो १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये प्रथम नोंदला गेला, मेथिसिलिन वापरात आल्यावर दोनच वर्षांत. एखादा स्टॅफ साध्या औषधाने मरणारा पण पीव्हीएल बाळगणारा असू शकतो, एखादा याच्या उलट. दोन्ही एकत्र आले की मग कठीण. आपल्याकडे ते एकत्र आलेले आहेत. एसटी७७२ नावाचा वंश, ज्याला संशोधक बंगालच्या उपसागराचा वंश म्हणतात, बऱ्याच औषधांना दाद देत नाही आणि पीव्हीएलही बाळगतो. मुंबईत हा आणि एसटी२२ हे दोन वंश वाढत असल्याचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

मग लस का नाही? प्रयत्न झाले. लोह मिळवणाऱ्या एका प्रथिनावर बेतलेल्या लसीची मोठी चाचणी २०११ मध्ये थांबवावी लागली. लस घेऊनही ज्यांना स्टॅफची लागण झाली त्यांच्यात मृत्यू उलट जास्त दिसले. मणक्याच्या शस्त्रक्रियेआधी द्यायच्या दुसऱ्या एका लसीची चाचणी २०१८ मध्ये उपयोग दिसत नाही म्हणून बंद झाली. या दोन्ही लसींत विषांविरुद्ध काही नव्हतं. आता विषांवर नेम धरणारे प्रयत्न चालू आहेत. त्यातला एक मला गमतीचा वाटतो. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये तांबड्या पेशींच्या पडद्यात गुंडाळलेले अतिसूक्ष्म कण उंदरांत सोडले. अल्फा टॉक्सिन त्यांना पेशी समजून त्यांच्यावर बसलं आणि तिथेच अडकलं. आमिष म्हणून शेतात उभं केलेलं बुजगावणंच म्हणा, फक्त इथे पाखराने त्यावर येऊन बसायचं असतं.

आज हातात जे आहे ते साधंच आहे. विषामुळे आजार बळावला आहे असं वाटलं तर डॉक्टर क्लिंडामायसिन किंवा लिनेझोलिडसारखं औषध जोडतात. ही औषधं जीवाणूचा प्रथिनांचा कारखाना थांबवतात, म्हणजे जंतू मरण्याआधीच विष बनणं बंद होतं. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं अपुऱ्या प्रमाणात पडली तर स्टॅफ उलट जास्त विष सोडतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. घरात उरलेल्या दोन गोळ्या गळवासाठी खाऊन टाकणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. नाक आणि वरचा ओठ या भागातलं गळू कधीच पिळू नये, तिथल्या शिरा डोळ्यामागे मेंदूच्या दिशेने जातात. ताप भरला, लाली पसरत चालली, मधुमेह असेल, तर पोटीस लावत बसू नये.

बाकी साध्या पिकलेल्या गळवाला सर्जन अजूनही चीरच देतात, आणि अनेकदा तेवढ्याने भागतं. पू वाहून गेला की त्याच्याबरोबर जंतू जातात, तयार विष जातं, मेलेल्या पेशींच्या डीएनएचा चिकटा जातो, आणि गर्दी मोजायचा तो छोटा रेणूही जातो. उरलेले जंतू पुन्हा विरळ झालेले असतात, आणि नवीन न्यूट्रोफिल वाटेवर असतात.